बी२० आणि इंजेक्टरचा क्लेम: माझा अनुभव

"बायोडिझेल घातलंत ना? मग वॉरंटी गेली." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या या एका वाक्यापायी माझे सहा आठवडे गेले.

गाडी वॉरंटीतली, इंजिनात इंधन फवारणारा एक इंजेक्टर गळत होता. मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर स्वच्छ छापलंय: बी२० पर्यंत चालेल, पण मिश्रण एएसटीएम डी ७४६७ या मानकाचं हवं. म्हणजे जास्तीत जास्त २० टक्के बायोडिझेल, बाकी साधं डिझेल. मी त्यापुढे कधी गेलो नाही. तळणाचं तेल गाळून टाकीत ओतणं वेगळं, आणि त्याच तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून केलेलं बायोडिझेल वेगळं. हेसुद्धा मलाच समजावून सांगावं लागलं.

मी म्हटलं, "नाही म्हणताय तर लेखी द्या. कुठला भाग, कशामुळे गेला, तेवढं लिहा." तिथेच घोडं अडलं. सल्लागार म्हणाला, मॅनेजर देतील. मॅनेजर म्हणाले, कंपनीकडून उत्तर येईल. कंपनीचा फोन आला, पुन्हा तेच तोंडी. दर आठवड्याला मी मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो जोडून ईमेल करत होतो. वॉरंटी कारखान्यातल्या दोषापुरती असते, खराब इंधनानं झालेलं नुकसान त्यात येत नाही, हे मला मान्य आहे. पण मग इंधन खराब होतं हे दाखवा! नुसतं बायोडिझेल होतं म्हणून दोष इंधनाचा, हे मी का ऐकून घ्यायचं?

माझ्या बाजूनं दोनच गोष्टी होत्या. प्रत्येक वेळी इंधन भरल्याची पावती, आणि त्यांनी टाकी रिकामी करण्याआधी हट्टानं काढून घेतलेला नमुना. तो प्रयोगशाळेत दिला. बायोडिझेल २० टक्क्यांच्या आत, पाण्याचं प्रमाण मर्यादेत. अहवाल पाठवल्यावर चौथ्या दिवशी इंजेक्टर वॉरंटीत बदलून मिळाला. लेखी नकार मात्र शेवटपर्यंत आला नाही. नमुना घेतला नसता तर मी हरलोच असतो, म्हणून सांगतो: गाडी आत द्यायच्या आधी नमुना घ्या.

इंधनाच्या फिल्टरचे पैसे मी भरले, त्याबद्दल तक्रार नाही. बायोडिझेल टाकीत आणि नळ्यांत साचलेला जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. मिश्रण सुरू केल्यावर पहिला फिल्टर लवकर बदला, मी उशीर केला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत साधं डिझेल ठेवा. बायोडिझेल पाणी ओढतं आणि पडून राहिलं की खराब होतं. जुन्या गाडीतले रबरी पाइपही बघून घ्या, काही जुन्या रबरांना ते फुगवतं.

आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर ऑइलची डिपस्टिक तपासत राहा. त्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी काही इंजिनं सिलिंडरमध्येच जादा इंधन सोडतात. त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, आणि बायोडिझेल तिथून डिझेलइतकं सहज उडून जात नाही. पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला, आणि त्याचीही पावती ठेवा.