काळं फडकं

ही गोष्ट मी दुकानात कोणाला सांगत नाही, धंद्याला बरी नाही ती. पण परवा परत एकाने फोनवर विचारलं की काका रेकॉर्ड कशाने पुसायची, आणि माझ्या पोटात तोच गोळा आला, म्हणून एकदाची लिहून टाकतो.

आमचं दुकान पुण्यात, नारायण पेठेत. वडिलांचं रेडिओ रिपेअरिंगचं. मग ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, मधली काही वर्षं तर मी मोबाईल रिचार्ज आणि कव्हरं विकून काढली, आणि आता गेली सात-आठ वर्षं गाडी फिरून परत रेकॉर्ड प्लेअरवर आलीये. माळ्यावर वडिलांनी टाकलेले एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरचे सांगाडे होते, गॅरार्डच्या मोटरी होत्या, रबर कडक झालेली, तबकडी फिरवणारी आयडलर व्हीलं होती, आई दर दिवाळीला म्हणायची द्या ते भंगारात. आज त्यातला एकेक स्क्रू मी जपून वापरतो. पंचवीस-तीस वर्षांची पोरं येतात, आयटीतली, पहिल्या बोनसमधून टर्नटेबल घेतात, एकेक एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, दोन-तीन हजार देऊन आणतात. अमेरिकेत २०२२ साली एलपी सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच, ही बातमी मला किमान वीस जणांनी फॉरवर्ड केली असेल. मला तक्रार नाही, माझं घर चालतंय त्यावर.

तर तो शनिवार होता. शनिवारी आमच्याकडे जत्रा असते. मी एका प्लेअरची कार्ट्रिज, सुई जिच्यात बसते ती, बदलत होतो, म्हणजे लाल पांढरी निळी हिरवी अशा चार केसाएवढ्या वायरी चिमट्याने एकेका पिनवर बसवायच्या, त्यात डोळे आता पन्नाशीकडे चाललेले, आणि समोर दोन गिऱ्हाइकं उभी. तेवढ्यात फोन. खांद्यात धरला.

"काका, आमच्याकडे आजोबांच्या रेकॉर्ड आहेत, शंभरएक असतील. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, तुम्ही येऊन बघाल का, काही किंमत येत असेल तर. खूप धूळ आहे पण. पुसून ठेवू का?"

मी म्हटलं ठेव की. मग माझी नेहमीची टेप लावली, दिवसातून तीनदा लावतो ती. तपकीर गल्लीतून आयपीए, म्हणजे ते साफसफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आण, एक भाग ते आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ फडकं, गोल फिरवायचं, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. पोरगा गुणी, सगळं लिहून घेत होता, मला पेनचा आवाज येत होता अक्षरशः. मी चार वाजता येतो म्हटलं आणि ठेवला फोन.

बाराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. पांढरं फडकं, मधोमध काळंकुट्ट. खाली लिहिलेलं, "बघा काका काय घाण निघतेय!! पाणी घालून निघत नव्हती म्हणून नुसतं आयपीएच वापरतोय." मी अर्धा सेकंद बघितलं आणि अंगठा पाठवला.

तो अंगठा अजून आहे माझ्या फोनमध्ये. डिलीट करता येतो, केलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एलपी असते प्लास्टिकची, व्हिनाइलची, तिच्यावर आयपीए चालतं. पण त्याच्या आधीच्या ज्या रेकॉर्ड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जाड, जड, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजणाऱ्या, त्या लाखेच्या असतात. खरीखुरी लाख, झाडावरच्या किड्याची, आपल्याकडूनच जगभर जायची ती. त्यात दगडाची भुकटी घालायची आणि रंगाला काजळी. आणि लाख कशात विरघळते? फ्रेंच पॉलिशवाल्याला विचारा, तो लाखेचे पातळ तुकडे स्पिरिटमध्ये टाकून ठेवतो रात्रभर आणि सकाळी त्याचं पॉलिश झालेलं असतं. आयपीए पण त्याच घराण्यातलं. म्हणजे फडक्यावर जे काळं निघत होतं ती धूळ नव्हतीच. ती रेकॉर्ड होती.

हे मला माहीत नव्हतं का? अहो बारा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं, वडिलांनी फटका देऊन शिकवलेलं. वडील असते तर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला असता, लाखेची का प्लास्टिकची. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे जो कोणी रेकॉर्ड म्हणत येतो त्याच्या हातात एलपीच असते हो. पंचमदांची नाहीतर रॉकवाली. ७८वाली रेकॉर्ड महिन्यातून एखादी येते आणि तीही बहुधा हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला हवी असते. प्रश्न विचारायची सवयच मोडली.

चार वाजता गेलो. सदाशिव पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हातात माझा पोर्टेबल प्लेअर. दार उघडलं आणि आधी वास आला, इंजेक्शन देताना येतो तो. डायनिंग टेबलावर पेपर पसरलेले आणि त्यावर ओळीने दहा इंची रेकॉर्ड मांडलेल्या. लाखेची रेकॉर्ड नीट ठेवलेली असेल तर काळ्या आरशासारखी असते, ट्यूबलाइट दिसते तिच्यात. या पाटीसारख्या दिसत होत्या. शाळेच्या पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर दिसते तशा.

मी जाऊन पहिलीला नखाने टिचकी मारली. टण्ण. प्लास्टिक असं वाजत नाही.

"किती पुसल्यास?"

"अकरा झाल्या, मग फडकी संपली. थोड्या मॅट झाल्यात ना काका? सुकल्यावर येईल ना चमक?"

खोलीत तो, त्याचे वडील, आणि खिडकीपाशी खुर्चीत आजोबा. नव्वदीच्या आतबाहेर, गणिताचे रिटायर्ड मास्तर, एका कानात मशीन. खरं सांगतो, एक क्षण मनात आलं की गप्प बसावं. कोणाला कळणार होतं. जुन्या आहेत, खराब झाल्यात, एवढं म्हणून चहा पिऊन निघता आलं असतं. पण त्या पोराचा चेहरा असा होता की त्याने कायतरी फार छान काम केलंय आणि आता काका शाबासकी देणार. मी म्हटलं, थांब, आधी बस. चूक माझी आहे. आणि सगळं सांगितलं, लाख, स्पिरिट, मी विचारलं नाही ते, अंगठ्यासकट.

पोरगा पांढरा पडला. वडिलांनी वेगळाच प्रश्न विचारला, आणि त्यांचं चूक नाही, प्रत्येक घरात तोच विचारतात. "पण म्हणजे नुकसान किती झालं? याने नेटवर वाचलंय की भारतातल्या जुन्या रेकॉर्डना लाखो रुपये येतात."

आता ती बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. बाहेरच्या देशांत ७८ बंद होत आल्या तेव्हाही आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते, त्यामुळे कलकत्त्याच्या दमदमच्या कारखान्यात ६०च्या दशकातही त्या निघत राहिल्या, आणि त्यात बीटल्सची गाणीसुद्धा पार्लोफोनच्या लेबलवर ७८मध्ये निघाली. जगात इतरत्र सहसा नाहीत म्हणून त्यांच्यावर बाहेरचे कलेक्टर तुटून पडतात. सदाशिव पेठेतल्या मास्तरांनी बीटल्स घेतलेली असण्याची शक्यता किती? तरी मी सगळा गठ्ठा बघितला. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, आणि दोन-तीन यंग इंडियाच्या, ती कंपनी आपली मुंबईची, वडाळ्याला कारखाना होता. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, ज्योत्स्ना भोळे, अब्दुल करीम खाँसाहेब. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण बाजाराला सुटत नाही. ही जी नवी लाट आहे ना ती एलपीची आहे. ७८ घ्यायची तर वेगळी, जाड सुई लागते, त्या स्पीडचा प्लेअर लागतो आणि वर दर तीन मिनिटांनी उठून बाजू बदलायची, कोण करणार. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली, तिथल्या मंडळींनी फॅशन नव्हती तेव्हापासून हे सगळं जपलंय, त्यांचं सोडा. बाकी जुन्या बाजारात अशा साध्या ७८ला शंभर रुपये मिळाले तरी विकणारा खूश होतो.

हे सांगितल्यावर वडिलांनी हिशेब केला. "म्हणजे अकराचे हजार-अकराशे गेले, एवढंच ना? मग ठीके हो."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच घाण वाटलं.

आजोबा तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी नातवाला खुणेने कपाटातून एक वही काढायला लावली, लाल कापडी बांधणीची, हिशेबाची असते तशी. आत प्रत्येक रेकॉर्डला नंबर, कोण गाणारा, दोन्ही बाजूंना काय, कधी घेतली. मोत्यासारखं अक्षर. पाकिटांवर पण कोपऱ्यात तेच नंबर. मला म्हणाले, "वाच रे नंबर." मी एकेक पाकीट उचलून नंबर वाचायचो आणि ते वहीत पेन्सिलने बारीक फुली मारायचे. परीक्षेचा निकाल लावतात तसं.

सातव्या का आठव्या नंबरला थांबले. "ही सासऱ्यांनी दिलेली. मला कधी आवडली नाही. बरं झालं." आणि फुली जरा जोरात मारली. पोरगा हसला, वडील हसले, मी पण हसलो, सुटल्यासारखं.

मग मी पुढचं पाकीट उचललं. "२९. हिराबाई बडोदेकर."

पेन्सिल हवेतच राहिली. कोणी काही बोललं नाही. खाली रिक्षावाले भांडत होते तेवढा आवाज. मग म्हणाले, "लाव."

मी म्हटलं आजोबा नको, आता नुसती खरखर येईल. "लाव म्हटलं ना." माझ्या प्लेअरला ७८ची सुई लावून तयारच होती, लावली. तुम्ही कढईत भजी सोडताना जो आवाज येतो तो आठवा, तसा, आणि त्याच्या मागे, म्हणजे पलीकडच्या वाड्यात कोणीतरी गातंय इतका लांब, हिराबाईंचा सूर. मध्येच पूर्ण जायचा, मध्येच यायचा. आजोबांनी मशीन असलेला कान प्लेअरकडे केला. बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती, आणि माझ्या लक्षात आलं की सूर बुडायचा तेव्हाही बोटं चुकत नव्हती, सूर वर आला की बरोबर समेवर असायची. तीन मिनिटं. सुई मध्यावर जाऊन फिरत राहिली, मी उचलली.

"आधीसुद्धा खराबच होती," ते म्हणाले. "लोखंडी सुईने किती वेळा लावलीये. दर बाजूला नवी सुई लावायची असते, आम्ही एक सुई आठवडाभर वापरायचो." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का खरंच तसं होतं, मला कळलं नाही. पण २९ला त्यांनी फुली मारली नाही. पेन्सिलने नुसतं एक टिंब दिलं बाजूला.

पैसे अर्थात मी घेतले नाहीत, मी देऊ केले ते पण कोणी घेतले नाहीत. उरलेल्या ८५ रेकॉर्ड घेऊन भाड्याच्या घरात कुठे जाणार हा प्रश्न होताच, तर मी म्हटलं माझ्याकडे ठेवा, बिल्डिंग होईपर्यंत. वीसेक किलो वजन, तो पोरगा आणि मी दोन खेपांत खाली आणलं. लाखेच्या रेकॉर्ड आडव्या एकावर एक रचल्या की खालच्यांना तडे जातात, म्हणून माळ्यावर वडिलांच्या फळीवर उभ्या लावल्यात, नंबरवारीने. पोरगा आता दर रविवारी येतो, कोरड्या मऊ ब्रशने एकेक साफ करतो आणि गाणी रेकॉर्ड करून आजोबांच्या फोनवर पाठवतो. त्याचा स्वतःचा एलपीचा प्लेअर आहे घरी, सूटकेसवाला, वाईट आहे, मी त्याला सांगितलंय.

आणि मी दर रविवारी आणि जमलं तर बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारतो. त्या अकरातल्या तिघींच्या दुसऱ्या प्रती मिळाल्या आत्तापर्यंत. एक साठ रुपयांना, कडेला तडा गेलेली, सुई तड्यावरून गेली की टक्, मिनिटाला बरोबर ७८ वेळा. एक तर सासऱ्यांनी दिलेली तीच निघाली. घेऊन आलो, पण आजोबांना अजून सांगितलेलं नाही.

रविवारी रात्री साडेआठच्या बातम्या झाल्या की त्यांचा फोन येतो. हॅलो वगैरे काही नाही.

"२९ मिळाली का रे?"

"नाही आजोबा."

"बरं." आणि ठेवतात.