मिरिस्साचा निळा देवमासा: बोट ठरवण्याआधी काय विचाराल

मिरिस्साला आम्ही दोनदा समुद्रात गेलो. तीन दिवसांच्या अंतराने, त्याच बंदरातून, त्याच प्राण्यासाठी. पहिल्या खेपेला निळा देवमासा साठ-सत्तर मीटरवरून दिसला आणि मी रडकुंडीला येऊन परतले. दुसऱ्या खेपेला तो त्याच्या दुपटीहून जास्त लांब होता, आणि ती सकाळ आठवली की अजून भरून येतं. बदलली होती ती फक्त बोट. म्हणून या वृत्तांतात मिरिस्साचा किनारा, सूर्यास्त वगैरे फारसं नाही. बोट कशी निवडायची यावरच मी जास्त लिहिणार आहे.

मिरिस्सा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेलिगामा आणि मातरा यांच्या मध्ये आहे. कोलंबोहून किनाऱ्याने येणारी रेल्वे आहे, एक्सप्रेसवे आहे, पोहोचायला अडचण येत नाही. इथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पुढे नैऋत्येचा मोसमी वारा सुटला की समुद्र खवळतो आणि देवमासे बघणारे पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला जातात. आम्ही मार्चमध्ये गेलो, मी आणि बाबा. बाबांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ‘एकदा देवमासा बघायचाय’ एवढंच मागितलं होतं.

पहिली बोट आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच ठरली. एक जण फोटोंचा अल्बम घेऊन फिरत होता. ‘उद्या हमखास दाखवतो, अगदी जवळून,’ म्हणाला. दर कमी होता. आम्ही दुसरं काहीच विचारलं नाही.

सकाळी पाहतो तर दुमजली बोट आणि पन्नासच्या वर माणसं. साडेआठच्या सुमारास लांबवर फवारा दिसला आणि बोट अशी काही सुटली की वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकल्या. चहूबाजूंनी आणखी बोटी धावत आल्या. मी मोजल्या, आमची धरून नऊ. देवमासा पश्चिमेकडे चालला होता. दोन बोटी त्याला वळसा घालून नेमक्या त्याच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या बोटीवरचे सगळे डाव्या कठड्याला धावले, बोट कलली, खलाशी ओरडायला लागले. देवमाशाने दोन श्वास घेतले आणि तो खाली गेला. चार-पाच मिनिटांनी दुसरीकडे वर आला, तर सगळ्या बोटी पुन्हा तिकडे. असं तासभर चाललं होतं. बाबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि म्हणाले, “अगं, त्याला श्वास तरी घेऊ द्या.” त्या बोटीवर ते मला एकटीलाच कळलं.

बाबांचं बोलणं किती नेमकं होतं हे मला नंतर वाचून समजलं. निळा देवमासा खोल बुडी मारून वर आला की लागोपाठ बरेच श्वास घेतो, दर दहा-वीस सेकंदांनी एक. मग पुन्हा दहा-बारा मिनिटं खाली. खाली तो खायला जातो. श्वास अर्धे राहिले तर बुडी अर्धी, आणि बुडी अर्धी तर पोट अर्धं. बहुतेक निळे देवमासे खायला थंड समुद्रात आणि विणीसाठी उष्ण समुद्रात जातात, पण उत्तर हिंदी महासागरातले हे देवमासे वर्षभर उष्ण पाण्यातच असतात. आशा डी व्होस या श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ. त्यांनी २००३ साली इथल्या पाण्यावर तरंगणारी देवमाशाची लालसर विष्ठा पाहिली आणि त्यावरून ओळखलं की हे इथंच जेवतात. पुढच्या संशोधनात दिसलं की ते मुख्यतः आपल्या जवळ्याच्या कुळातली बारीक कोळंबी खातात. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की समुद्रतळ एकदम खोल उतरतो, म्हणून हा सगळा संसार किनाऱ्याच्या इतक्या जवळ आहे.

आणि त्याच पाण्यातून मोठी जहाजं जातात. दोंद्रा, म्हणजे श्रीलंकेचं अगदी दक्षिणेचं टोक, त्याच्या दक्षिणेचा जलमार्ग जगातल्या सर्वांत वर्दळीच्या मार्गांपैकी एक आहे. आमच्या बोटीवरून क्षितिजावर एका वेळी चार-पाच कंटेनर जहाजं दिसत होती. त्यांची धडक बसून इथले देवमासे मरतात. जहाजांची वाट पंधराएक सागरी मैल दक्षिणेला सरकवा, अशी शास्त्रज्ञांची मागणी बरीच वर्षं आहे. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं अशी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, ही चांगली गोष्ट. पण देवमाशाच्या बाजूने पाहिलं तर एकीकडे जहाजांची रांग आणि दुसरीकडे आपल्या बोटी. जहाजांचं आपण फारसं काही करू शकत नाही. आपण कोणत्या बोटीत बसायचं, ते मात्र सर्वस्वी आपल्या हातात असतं.

त्या दुपारी मी ठरवलं की परत जायचं, पण नीट विचारून. सहा-सात जणांना व्हॉट्सअॅपवर तेच प्रश्न पाठवले. तुम्हीही पाठवा, उत्तरांतून माणूस लगेच कळतो.

पहिला प्रश्न: देवमाशाच्या किती जवळ नेता? याचं उत्तर ‘खूप जवळ, काळजी नको’ असं आलं तर तिथंच थांबा. श्रीलंकेत २०१२ पासून वन्यजीव खात्याचे नियम आहेत आणि देवमाशापासून किमान १०० मीटर लांब राहावं लागतं. बोटवाल्याने हा आकडा तुम्ही न सांगता सांगितला पाहिजे. मला आवडलेलं उत्तर असं होतं: “१०० मीटरच्या आत आम्ही जात नाही. तो स्वतःहून जवळ आला तर आम्ही हलत नाही.”

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. तिथं आधीच तीन-चार बोटी असतील तर काय करता? दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, “आम्ही सर्वांत पुढे असतो.” एका बाईंनी लिहिलं, “आम्ही लांब थांबतो किंवा दुसरा शोधतो, त्यामुळे कधी कधी पाहुणे नाराज होतात.” त्यांची बोट मी ठरवली. पाहुणे नाराज होतात हे आधीच सांगणारा माणूस समुद्रात खोटं वागणार नाही, असं मला वाटलं, आणि तसंच झालं.

मग विचारा, बोटीवर एकूण किती माणसं नेता, आणि समजावून सांगायला कोणी गाइड आहे का. ‘एकूण’ म्हणून विचारा, कारण ‘लहान गट’ म्हणजे कोणी दहा धरतो, कोणी तीस. इथे एक सांगायला हवं. बोट लहान आहे म्हणजे ती आपोआप चांगली, असं नाही. लहान स्पीडबोट मोठ्या बोटीपेक्षा जास्त पाठलाग करू शकते, आणि दहा लहान बोटींनी वेढा घातला तर एका मोठ्या बोटीपेक्षा जास्त त्रास होतो. लहान गटाचा फायदा वेगळा आहे. प्रत्येकाला कठड्याशी जागा मिळते, म्हणून ‘आणखी जवळ घ्या’ असा ओरडा होत नाही. पन्नास पर्यटक एका सुरात ओरडले की चांगल्या तांडेलाचाही हात ढिला पडतो, हे मी पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

जाहिरातीतले फोटो नीट बघा. मोबाइलच्या साध्या फोटोत देवमाशाची पाठ अख्खी चौकट भरत असेल तर तो फोटो फार जवळून काढलेला आहे. फोटोत बोट त्याच्या पुढे दिसते की बाजूला, तेही पाहा. रीतसर पद्धत म्हणजे बाजूने, किंचित मागून, त्याच्याच दिशेला समांतर, हळू. समोरून कधीच नाही आणि थेट पाठीमागूनही नाही. रिव्ह्यू वाचताना ‘हात लावता आला असता’ अशी वाक्यं शोधा आणि ती बोट यादीतून काढा. ‘देवमाशाबरोबर पोहायला नेतो’ म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा.

त्या बाईंच्या बोटीचा दर आधीच्या जवळपास दुप्पट होता. मला तो पटला.

दुसऱ्या खेपेच्या सकाळी आम्ही बारा जण होतो. बोट धक्क्यावर असतानाच गाइड मुलीने दहा मिनिटं बोलून सगळं सांगितलं: ओरडायचं नाही, एका बाजूला धावायचं नाही, दिसला की घड्याळाच्या काट्यासारखी दिशा सांगायची. तिच्या तोंडी एक शब्द सारखा येत होता, ‘निल तल्मसा’. सिंहली. मी विचारलं तर म्हणाली, निळा देवमासा. आपल्या ‘मासा’शी किती जवळचा आवाज! खरं तर तो मासा नाहीच, हवेत श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी. पण बाबांना ते साम्य इतकं आवडलं की दिवसभर ते ‘तल्मसा’च म्हणत होते.

पहिला फवारा आठच्या आधीच दिसला. तांडेलाने वेग कमी केला, बराच लांब बोट त्याला समांतर ठेवली. पाचेक मिनिटं आम्ही पाहिलं असेल, तोवर तीन बोटी जोरात आल्या. गाइड तांडेलाशी काहीतरी बोलली आणि आमची बोट वळली. बोटीवरचे एक गृहस्थ चिडले, पैसे दिलेत म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, आता त्याच्याभोवती चार बोटी झाल्या, त्यातली एक आपण कमी करू शकतो. ते गप्प बसले, पण खूश नव्हते. पुढचा जवळजवळ पाऊण तास नुसतं पाणी. तो पाऊण तास लांब वाटतो, मनाची तयारी ठेवा. मध्ये स्पिनर डॉल्फिनचा एक मोठा कळप गेला, स्वतःभोवती गिरक्या घेत उडणारा. त्या गृहस्थांचा चेहरा तिथं जरा उजळला.

मग डावीकडे, घड्याळाच्या दहावर. तांडेलाने इंजिन न्यूट्रलला टाकलं. दीडशे मीटर असेल. फवारा आधी दिसला, सरळ उंच, आणि श्वासाचा आवाज क्षणभराने आला. बोट धावत असती तर तो ऐकूच आला नसता. पाठ वर आली ती संपेचना. करडी-निळी, ढगांची सावली पडल्यासारखे फिकट ठिपके, आणि बऱ्याच वेळाने अगदी शेवटी एवढासा पर. गाइड बोटं दुमडून श्वास मोजत होती. एक. दोन. बोटीवर कोणी बोलत नव्हतं. नवव्या श्वासानंतर पाठीची कमान झाली, गाइड हळूच म्हणाली “आता,” आणि शेपटी पूर्ण वर आली, तिच्यावरून पाणी पडद्यासारखं गळत होतं. ती सरळ खाली गेली. मागे पाण्यावर काचेसारखी गुळगुळीत गोल चकती उरली, शेपटीच्या फटकाऱ्याने उठलेली. लाटा तिच्या काठापर्यंत येऊन मोडत होत्या. बाबा त्या चकतीकडेच बघत बसले.

आम्ही तिथंच थांबलो. बारा मिनिटांनी तो पुन्हा वर आला, थोडा पुढे, त्याच दिशेने, पुन्हा तेवढेच सावकाश श्वास. दिशा तीच आणि श्वास पूर्ण, म्हणजे आपला त्रास होत नाहीये, असं गाइडने सांगितलं. उलट तो वारंवार दिशा बदलायला लागला, एक-दोन श्वासांत बुडायला लागला, तर मागे हटायचं. हे लक्षात ठेवा. तुमची बोट चुकतेय हे तुम्हाला यावरूनच कळेल, आणि तसं दिसलं तर तांडेलाला सांगा. दोघा-तिघांनी मिळून सांगितलं तर तो ऐकतो.

बाकी थोडं व्यवहाराचं. निघायची वेळ सहा-साडेसहाची असते, परतायला दहा ते बारा. मार्च असूनही आम्हाला बोट लागली, म्हणजे मला, बाबा ठणठणीत. डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही. अगदी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरल्या पोटीही नको. खाली, मध्यभागी बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. वरच्या मजल्यावर आणि पुढच्या टोकाला हेलकावे जास्त बसतात. लहान बोटीवर शौचालय आहे का, हे ज्येष्ठांबरोबर जाणार असाल तर नक्की विचारा. लाइफ जॅकेट अंगावर बांधून बसा, मांडीवर घेऊन नाही. १०० मीटरवरून मोबाइलमध्ये फक्त एक काळी रेघ येते, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा साधी दुर्बीण जवळ ठेवा. हवा खराब असेल तर फेरी रद्द करून पैसे परत देता का, हे लेखी घ्या. हंगाम संपत आला की हा प्रश्न येतोच.

आणि परत आल्यावर रिव्ह्यू लिहिलात तर किती देवमासे दिसले ते सोडा, बोट किती लांब थांबली ते लिहा. बोटवाले ते वाचतात, आणि पुढचा पर्यटक त्यावरूनच ठरवतो. मी एवढंच लिहिलं: दीडशे मीटर, नऊ श्वास, इंजिन न्यूट्रलला; चौथी बोट झालो तेव्हा आम्ही निघालो.