पांढऱ्या झाकणांचं पोळं

शेवटचा अर्धा तास पायवाटेचा होता. मधमाश्यांच्या पेट्या दिसायच्या आधी त्यांची गुणगुण कानावर आली. माश्या पाळणाऱ्या मावशी स्मोकर, म्हणजे धूर सोडायचं भांडं, पेटवून तयारच होत्या, पण पेटी उघडेनात. "माश्या रानात जाऊ देत. मग घाई नको आणि धूरही बेताचा. धूर जास्त झाला की त्या मधाच्या घरांवरची मेणाची झाकणं फोडून मध पितात."

पोळ्यासकट मध कसा काढतात, एवढ्याचसाठी मी आलो होतो. एरवी झाकणं कापून, पोळ्याची चौकट यंत्रात फिरवून मध काढतात आणि रिकामं पोळं माश्यांना परत देतात. इथे पोळंच खायचं, म्हणजे माश्यांनी दर वेळी मेण नव्यानं घडवायचं. त्यासाठी चौकटीत बसवलेला मेणपत्रा, म्हणजे ज्यावर माश्या पोळं बांधतात तो मेणाचा पत्रा, अगदी पातळ होता, आत तार नाही.

आणि दाटी हवी! फुलोरा ऐन भरात आल्यावर मावशींनी पेटीच्या खालच्या दोन मजल्यांपैकी एकच ठेवला होता. सगळ्या माश्या त्यातच, म्हणून त्या वर चढून पोळं बांधू लागल्या. दाटी फार झाली तर मात्र राणीला घेऊन अर्धी वसाहत उडून जाते, त्यामुळे नव्या राणीसाठी माश्या बांधतात ती घरं सतत तपासावी लागतात. मला हाच भाग सगळ्यात कठीण वाटला.

काही पेट्यांत चौकटीऐवजी प्लॅस्टिकचे गोल खाने होते. चौकोनी खान्यांचे कोपरे माश्या बरेचदा रिकामे सोडतात, गोलात मात्र कडेपर्यंत मध भरतात.

मग चौकट वर आली. झाकणं दुधासारखी पांढरी! मध आणि मेण यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो, म्हणून ती तशी दिसतात. शेजारच्या पेटीतलं पोळं पिवळट होतं. ते काढायला उशीर झाला होता, आणि माश्यांच्या पायांनी झाकणं मळली होती. चवीला दोन्ही तितकीच गोड.

गरम सुरीनं चौकोन कापून मावशींनी जाळीवर ठेवले. कडांचा मध रात्रभर निथळेल, मग मेणपतंगाची अंडी मरावीत म्हणून तुकडे एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये राहतील. कडेचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. दातांखाली झाकणं फुटली, मध जिभेवर उतरला आणि मेण चघळत राहिलो.

रिकाम्या चौकटीत नवा मेणपत्रा बसवून मावशींनी ती पेटीत सोडली. पेटीचं झाकण लावायच्या आत दोन माश्या त्यावर चढल्याही होत्या.