हे काय बनवलंस?

क्लेचा गोळा घेऊन बसलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठी माणसं हमखास विचारतात, ‘हे काय बनवलंस?’ मूल एकदा आपल्याकडे बघतं, एकदा गोळ्याकडे बघतं आणि समोरच्याचा विरस नको म्हणून सांगून टाकतं, ‘हत्ती.’ त्या क्षणापर्यंत तिथे हत्ती वगैरे काही नसतं. आपण विचारलं म्हणून तो बिचारा जन्माला येतो आणि ‘अरे वा!’ म्हणून आपण पाठ फिरवली की चपटा होतो.

मला त्या हत्तीच्या आधीचा उद्योग बघायला आवडतो. गोळा घट्ट असला तर बोटांचा पाडच लागत नाही. मग मूल उभं राहतं, हातावर हात ठेवतं आणि थेट खांद्यातून जोर लावतं. ओठ आवळलेले, कधी जिभेचं टोक बाहेर. गोळा जरा नरमला की तळवे कामाला लागतात आणि पुढे-मागे, पुढे-मागे करत साप वळतात. बोटांची पाळी सगळ्यात शेवटी. अंगठा रुतवायचा, चिमटीत धरून शेपटी ओढायची, इवले इवले मणी वळायचे. मणी वळताना करंगळी आणि तिची शेजारीण आपोआप मागे दुमडतात; अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मिळून सगळं निभावतात. उद्या पेन्सिल धरायची आहे ती याच तिघांनी.

त्या पेन्सिलीची आपल्याला फार घाई असते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती जवळजवळ सगळी नुसती कूर्चा असते. एकेक करत त्यांचं हाड होत जातं आणि शेवटच्या, वाटाण्याएवढ्या हाडाची पाळी साधारण ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान येते. म्हणजे बालवाडीतल्या मुलाच्या मनगटाचं बांधकाम अजून चालू असतं आणि आपण त्याला दोन रेघांच्या मध्ये सुबक ‘अ’ काढायला बसवतो. क्लेवर ‘अ’ नाही निघाला तरी बिघडत नाही. हाताची ताकद वाढते, किती जोर लावला की काय होतं याचा अंदाज येतो, आणि एका हाताने धरायचं नि दुसऱ्याने काम करायचं ही वाटणी अंगवळणी पडते.

कात्रीचंच बघा. कागद कापायला गेलं की तो वाकतो, पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल चिडतं. क्लेचा साप वाकत-दुमडत नाही. कात्री मिटली की कचकन तुकडा पडतो. एकदा ते ‘कचकन’ जमलं की सापाची खैर नसते.

प्ले-डो नावाने जो क्ले जगभर गेला, तो मुळात मुलांसाठी नव्हताच. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये कुटोल नावाची कंपनी भिंतीवरच्या वॉलपेपरची काजळी टिपून घ्यायला असा लगदा विकत असे. घरं कोळशावर तापवणं मागे पडलं, काजळी कमी झाली आणि मालाला गिऱ्हाईक राहीना. कंपनीतल्या जो मॅकविकर यांची मेहुणी के झुफॉल बालवाडी चालवायची. तिने तो लगदा मुलांच्या हाती दिला. प्ले-डो हे नावही तिनेच सुचवलं आणि १९५६मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. भिंती स्वच्छ करायला निघालेली वस्तू आता घरभर सांडते, याला काय म्हणायचं?

क्ले वाटून देणं हे मात्र येरागबाळ्याचं काम नाही. एका बालवाडीत दोन मुलींचं जुंपलेलं मी पाहिलंय. ‘ताई, हिला जास्त दिला!’ गोळे अगदी सारखे होते. ताईंनी वाद घातला नाही, मोजून दाखवलं नाही. रडणारीचा गोळा घेतला, टेबलावर लांबलचक वळला आणि परत दिला. ‘आता?’ ‘आता मला जास्त!’ रडू थांबलं. लगेच दुसरीने स्वतःचा गोळा लांबवायला घेतला.

झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे हाच प्रयोग मांडला होता. दोन सारखे गोळे दाखवायचे आणि एकाला लांबट करून विचारायचं, जास्त कुठे? या वयाची मुलं बिनदिक्कत लांबट गोळ्याकडे बोट दाखवतात. आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, हे साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पटायला लागतं. वजनही तेवढंच राहतं हे त्याहून उशिरा. ताईंनी पियाजे वाचला होता की नाही, मी विचारलं नाही.

साच्यांशी माझं फारसं जमत नाही. साचा दाबला, फूल निघालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच फूल. कौतुक कारखान्याचं करायचं की मुलाचं? त्यापेक्षा एखादं झाकण, कंगवा, जाड दोरा बरा. कंगवा टोचला की शेतातल्या सऱ्या दिसतात, दोरा ओढला की गोळ्याची दोन शकलं होतात.

क्ले घरी करायचा तर दोन भाग मैदा, एक भाग मीठ, पाणी, थोडं तेल, आणि मंद आचेवर घोटणं. मिठामुळे तो टिकतो आणि तोंडात घातलेला घास मूल स्वतःच थुंकतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हाती तो द्यायचा नाही आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवायचा; एवढं मीठ त्याला बाधतं.

राहता राहिले रंग. लाल डबीत लाल, निळ्या डबीत निळा ही शिस्त पहिल्या दिवशीच मोडते आणि आठवड्याभरात सगळ्याचा मिळून एक मळकट तपकिरी गोळा होतो. मोठ्यांना त्याचं फार वाईट वाटतं. मुलांना अजिबात नाही. गालिच्यात गेला तर ओला असताना पुसू नये, आणखी आत जातो. वाळू द्यावा आणि मग ब्रशने झटकावा.