एपिरसच्या नाचांची नोंद : पोगोनिसिओ बसला, झागोरिसिओ अजून कच्चा

वायव्य ग्रीसमधल्या एपिरसला नाच-गाणं शिकायला जायचं तर ऑगस्टमध्येच. एरवी इथल्या झागोरी या डोंगराळ भागातली दगडी गावं जवळपास रिकामी असतात. शहरांत, परदेशात पांगलेली माणसं १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाला परततात आणि गावच्या चौकात पानिगीरी, म्हणजे नाच-गाण्याची जत्रा, भरते. २० जुलै (प्रेषित इलियास) आणि २६ जुलै (संत पारास्केवी) या तारखाही टिपून ठेवा. मुक्काम यानिना शहरात, गाडी भाड्याची. पहाटे नाच संपल्यावर बसचा भरवसा धरू नये.

वादकांचा ताफा ठरलेला : क्लारिनो (म्हणजे क्लॅरिनेट), व्हायोलिन, लाऊतो, देफी. लाऊतो हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, त्याला तारांच्या चार जोड्या, देफी म्हणजे झांजा लावलेला डफ. रात्रीची सुरुवात बहुधा मिरोलॉयने होते. तो शोकाचा, तालाशिवायचा आलाप असतो. तेवढा वेळ नाचाला उठायचं नाही.

पोगोनिसिओ हा नाच चार मात्रांचा. पावलं तीन : पहिलं दोन मात्रांचं, पुढची दोन एकेक मात्रेची. आवर्तनात पावलं विषम, म्हणून पुढचं आवर्तन आपसूक दुसऱ्या पायावर सुरू होतं. नवखे दर वेळी उजव्यानेच सुरुवात करायला बघतात आणि दुसऱ्याच आवर्तनात शेजाऱ्याला धडकतात. 'स्ता त्रिया' याहून सोपा : उजवा, डावा ओलांडून, उजवा, डावा उचला, डावा टेका, उजवा उचला. फक्त गाण्याची ओळ आणि पावलांचं चक्र एकत्र संपेलच असं नाही. ओळीच्या शेवटी थांबलात की रांग तुटते.

सात मात्रांचा कलामातिआनो (३+२+२) आपल्याला रूपक तालामुळे लगेच कळल्यासारखा वाटतो, आणि फसगत होते ती तिथेच. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी नसते, 'खाली' असते. इथे पहिल्या तिनांवरच वजन आणि लांब पाऊल. टाळीचा हिशोब डोक्यात ठेवून नाचलं की पहिलं पाऊल हलकं पडतं आणि सगळा नाच लंगडतो. चार आवर्तनांत बारा पावलं, एवढंच धरा. झागोरिसिओच्या पाच मात्रा इतक्या संथ चालतात की मोजत बसलं तर मधेच हरवायला होतं. त्यावर उपाय एकच लागू पडतोय : मोजणं सोडून रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या टाचेकडे बघणं. तरुण मंडळी सजावट फार करतात, त्यांच्यावरून मूळ पाऊल कळत नाही.

रांग घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्होरक्या उजव्या टोकाला. गाण्याची फर्माईश त्याची, वादकांना पैसेही तोच देतो. त्यामुळे अनोळखी माणसाने शेपटाला जोडून घ्यावं. मधे घुसणं किंवा म्होरक्याच्या पुढे जाणं म्हणजे सरळ उद्धटपणा.

ध्वनिमुद्रण हा मोठा डोकेदुखीचा भाग. क्लारिनो स्पीकरमधून, भरपूर प्रतिध्वनी लावून येतो, आणि वादक एकदम वरच्या सप्तकात झेप घेतो. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ पुरे. स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहिलं की लाऊतो पार बुडतो. बाजूला, वादकांच्या जवळ सरका. पावलांचं चित्रीकरण वेगळं करा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. दोन्ही एकाच फोनवर साधायला गेलं की एकही धड मिळत नाही. आणि मुद्रण-चित्रीकरणाआधी परवानगी विचारा.

एपिरसमधल्याच पोगोनी भागातल्या बहुस्वरी गायनाची तयारी मात्र घरी बसून होते. बरीच गाणी धानी रागाच्या स्वरांतली : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. एक जण मुखडा उचलतो, दुसरा उत्तर देतो, बाकीचे षड्ज (सा) धरून बसतात. एक आवाज वारंवार षड्जाखालच्या कोमल निषादावर उतरतो आणि सा-नी एकमेकांना घासतात. तानपुऱ्यावर वाढलेला कान हे बेसूर समजून नकळत सा-कडे सरकतो. ती घासणी हवीच. सरावाला षड्ज यंत्रावर लावून नीवर पूर्ण श्वासभर थांबा. डगमग थांबली की मग गाण्याचे शब्द घ्या.