साबण जमला हो, लायसन्सचं काय?

माहेरी नारळाची बाग, त्यामुळे घाण्यावरचं खोबरेल घरात कायम जास्तच, डोक्याला तरी किती लावणार, म्हणून साबण करायला घेतला. पहिल्याच दिवशी कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवला. फसाफसा वर आला, पातेलं काळं पडलं, मी खिडकी उघडून बाहेर पळाले. तेव्हापासून स्टीलच, हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही.

अंदाजपंचे इथे चालत नाही बरं का. १ किलो खोबरेलाला सोडा साधारण १८३ ग्रॅम लागतो, एरंडेलाला १२८च, आणि हिशोबापेक्षा ५ टक्के कमी घ्यायचा म्हणजे थोडं तेल साबणात तसंच राहतं नि अंग कोरडं पडत नाही. एकदा हळद घातली तर सगळं लालभडक! मी म्हटलं, गेला हा घाणा. सासूबाई हसल्या, "अगं, कुंकू कसं होतं? हळदीला चुना लागला की लालच होणार."

चिपळूणचा पाऊस मात्र वैताग. एरवी चार ते सहा आठवड्यांत सुकणारा साबण जुलैत नुसता घाम गाळत बसतो. (साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, साबण खराब नसतो, पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार.)

शेजारी, नणंद, ऑफिसातल्या मैत्रिणी असं करत करत बचत गटाच्या प्रदर्शनात टेबल लावलं आणि दोन दिवसांत सगळा माल संपला. तिथेच एका काकांनी वडी उलटसुलट बघून विचारलं, "ताई, लायसन्स नंबर कुठाय?" मी ऐटीत उद्यमचं सर्टिफिकेट दाखवलं. ते म्हणाले, हे उद्योगाची नोंद झाल्याचं, साबण बनवायची परवानगी वेगळी. खरं सांगते, मला माहीतच नव्हतं. उद्यम ऑनलाइन फुकटात होतं, मला वाटलं झालं सगळं.

मग शोधाशोध. अंगाचा साबण कायद्याने कॉस्मेटिकमध्ये येतो, विकायला बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे राज्याच्या एफडीएचं, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाचं, लायसन्स लागतं, आणि खरी मेख म्हणजे जागा राहत्या घरात नको, घराला जोडलेलीसुद्धा नको. वर केमिस्ट्री शिकलेला नाहीतर फार्मसीवाला टेक्निकल माणूस हवा. म्हणजे "घरगुती साबण" हा आपला सगळा रुबाबच आडवा! आठ दिवस मी काहीच केलं नाही, नुसती चिडचिड. नवरा म्हणाला गाळा घेऊ, मी म्हटलं पैसे तुझे बाबा देणार का.

वाट सापडली ती लोन लायसन्सची. लोन म्हणजे कर्ज नव्हे, लायसन्स असलेल्या दुसऱ्याच्या युनिटमध्ये आपला माल करायचा आणि त्यासाठी आपल्या नावाने वेगळं लायसन्स काढायचं. एका छोट्या युनिटवाल्यांनी होकार दिला, पण फॉर्म, करार, कागद, फेऱ्या यात बरेच महिने गेले, आणि तोवर मी विक्री बंद ठेवली. लोक विचारायचे, तुझा साबण बंद का गं, काय सांगणार.

लेबलानेही डोकं खाल्लं. "पिंपल्स घालवतो" काढून टाकलं, असा दावा केला की ते औषध होतं. "केमिकल फ्री" मी स्वतःच काढलं, सोडा घालून केमिकल फ्री कसं म्हणायचं? वजनाची गंमत वेगळीच, कापताना ११५ ग्रॅमची वडी सुकून १०० च्या आसपास येते आणि पुढे दुकानातही थोडी घटत राहते, म्हणून मी नेट वजन ९० छापते.

आता महिन्यातून दोनदा युनिटवर जाते. घरच्या ओट्यावर फक्त घरापुरता साबण, तोही सासूबाईंच्या फर्माइशीचा, लाल.