जांभळं पदक आणि मनाची जखम

आज न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू विंडसरला जाऊन पर्पल हार्ट पदकाचं, म्हणजे शत्रूच्या हातून जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांना मिळणाऱ्या पदकाचं, संग्रहालय पाहिलं. एकेका सैनिकाची जखम वाचताना गलबलून येतं. पण युद्धाने ज्यांचं फक्त मन मोडलं, त्यांना या मानात जागाच नाही.

इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या पीटीएसडीग्रस्तांसाठी (भयंकर अनुभवांनंतर जडणाऱ्या मानसिक आजाराने पीडित सैनिकांसाठी) हे पदक मागितलं गेलं, तेव्हा २००९ साली पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, नकार दिला. म्हणे, ही शत्रूने हेतुपुरस्सर केलेली जखम नाही आणि निदानही पुरेसं वस्तुनिष्ठ नाही. अनेक माजी सैनिकांचंही म्हणणं तेच: हे रक्त सांडलेल्यांचं पदक आहे. त्यांच्या भावनेपुढे मी नम्र आहे, तरी पटत नाही. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा झाली तर हेच पदक मिळू शकतं. तिथे तरी कातडीवर कुठे ओरखडा असतो?

शेजारच्या कॅनडाने वाट काढली. २००८ साली सुरू केलेल्या सॅक्रिफाइस मेडलमध्ये शत्रूच्या कारवाईमुळे थेट जडलेला मानसिक आजारही धरला जातो, तज्ज्ञाने तपासल्यावर. म्हणजे निदानाची अडचण ही सबब झाली.

मी साताऱ्याकडची, आमच्याकडे घरोघरी फौजी. सुट्टीवर आलेला पोरगा रात्री दचकून उठतो, आणि घरचे शेजाऱ्यांना कळू देत नाहीत. पदकाने त्याला झोप लागणार नाही, हे कळतं मला. पण सरकारने ‘ही युद्धातली जखम आहे’ असं छातीवर लावून सांगितलं, तर डॉक्टरकडे जायला तो लाजणार नाही.